भिंत रंगवली, खांब राहिला

मागच्या अंकात गावाकडच्या बंद घरांच्या छपरांवर लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली, आणि निम्म्या पत्रांत छपराचा विषयच नाही. 'घर विकायचंय, आधी काय करू?' एवढंच विचारलंय. म्हणून या वेळी त्यातली पाच पत्रं घेतो. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी बांधकाम खात्यात 31 वर्षं ओव्हरसिअर होतो. आता कसबा बावड्यात राहतो आणि जुनी घरं बघत हिंडायची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

प्रश्न : आमचं घर करवीर तालुक्यात नदीकाठच्या एका गावात, गावठाणात आहे. मातीच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढं सोपा, मागं परडं. 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत घरात पाणी आलं. वडील गेल्यापासून घर बंद आहे. मी पुण्यात, धाकटा भाऊ इचलकरंजीत. विकायचं ठरलंय. तीन लाख घालून सिमेंटचा गिलावा, ऑइलपेंट आणि चकचकीत फरशी करून घ्यावी असं मला वाटतं. भाऊ म्हणतो, एवढं नको, निदान भिंतीवरची पुराची रेघ तरी झाकू. बायको म्हणते, पाडून मोकळी जागाच विका. काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तिघांपैकी कुणाचंच ऐकू नका.

आधी भावाचं बघू, कारण तो उद्योग मी स्वतः करून बसलोय. आमचं वडिलोपार्जित घर कागल तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. 2005 च्या पुरात सोप्यात कमरेइतकं पाणी होतं. पुढच्या उन्हाळ्यात, 2006 ला, घर विकायला काढलं. खात्यातला माणूस मी, गवंडी ओळखीचे, रंगारी ओळखीचे. सोप्याची भिंत घासून घेतली, लांबी (पुट्टी) भरली आणि वरून पिस्ता रंगाचा ऑइलपेंट मारला. घर असं उजळलं की शेजारची म्हातारी म्हणाली, "आता कशाला इकतोयस रं, ऱ्हा की हितंच."

गिऱ्हाईक आलं ते पलीकडच्या गावचं, दुधाचा धंदा करणारं. त्यानं माझ्या पिस्ता भिंतीकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ सोप्याच्या मधल्या खांबाजवळ गेला, वाकला आणि बोट ठेवलं. आमच्या आबांना सवय होती, पूर ओसरला की त्या सागवानी खांबावर पाण्याच्या उंचीची खूण खिळ्यानं कोरून ठेवायची. 2005 ची खूण सगळ्यात वर. "साहेब," तो म्हणाला, "भिंत रंगवली, खांब राहिला की!" मग भिंतीजवळ गेला आणि अंगठा दाबला. रंगाचा पोपडा पापडासारखा मोडला, आतून ओली माती. मला तिथं उभं राहवेना.

खरं म्हणजे पुराचं त्याला काहीच नवल नव्हतं. त्याच्याही गोठ्यात पाणी होतंच. पण मी झाकलं म्हटल्यावर त्याला सगळ्यातच खोट दिसायला लागली. विहिरीचं पाणी टिकतं का, भावकीत तंटा आहे का, आढं बदललंय की नुसतं रंगवलंय? भाव तुटला तो पुरानं नाही, त्या दोन डबे रंगानं.

म्हणून रेघ आहे तशी राहू द्या. शेजारी साल लिहून ठेवलंत तरी चालेल. आपल्याकडच्या नदीकाठच्या माणसाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची भाषा कळते. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे इथं शाळेतलं पोरही सांगतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले ते चहाच्या टपरीवर आधी कळतं आणि बातम्यांत नंतर. पावसाळ्यात मी रोज सकाळी बंधाऱ्यावर चक्कर मारतो, तिथं दहा-बारा माणसं हटकून असतात, आणि प्रत्येकाच्या डोक्यात आपापल्या घराचा हिशेब पक्का असतो: इतके फूट झाले की गल्लीच्या तोंडाला, इतके झाले की परड्यात, इतके झाले की उंबऱ्याला. 2019 आणि 2021 ला दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं होतं. तुमच्या घराचाही असा हिशेब भावकीतल्या एखाद्या जुन्या माणसाकडून उतरवून घ्या. बंधाऱ्यावर किती फूट असताना पाणी दारात येतं, घरात किती दिवस राहतं, जनावरं आणि गाडी कुठल्या वाटेनं बाहेर काढायची, हे सगळं एका कागदावर लिहा. त्याला पंचनाम्याच्या प्रती जोडा आणि गिऱ्हाईकानं विचारायच्या आधी त्याच्या हातात द्या. त्यानं गावात येताना पानपट्टीवर चौकशी केलेलीच असते. तुमचा कागद आणि पानपट्टीची माहिती जुळली की पुढचं बोलणं सोपं होतं.

आता वहिनींचं. पाडायची कल्पना ऐकायला सुटसुटीत वाटते, पण तुमच्या घरासाठी ती सगळ्यात महाग पडेल. पाटबंधारे खात्यानं आखलेल्या पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, तिथं मोकळ्या जागेत नवं बांधकाम होत नाही. उभं, नोंदीतलं घर असेल तर त्याच्या पुनर्बांधणीचा विचार अटी घालून तरी होतो. म्हणजे आज तुम्ही घर विकताय, जेसीबी लावलात तर उद्या गवताचा तुकडा विकाल. तुमचं घर कुठल्या रेषेत येतं ते आधी बघा आणि तोवर भिंतीला हातोडा लावू नका. घराचे चारी बाजूंचे फोटो आणि जुन्या घरफाळ्याच्या पावत्याही जपा. घर कधीपासून उभं आहे, त्याची साक्ष तेच कागद देतात.

राहिले तुमचे तीन लाख. पुरात भिजलेली मातीची भिंत वर्ष-वर्ष ओल धरून बसते. ती खालून ओल ओढते आणि दोन्ही अंगांनी बाहेर सोडते. ऑइलपेंट लावलात की ही सोडायची वाट बंद. मग ओल वर चढते आणि रंग जिथं संपतो तिथं पांढरा खार फुटतो. सिमेंटच्या गिलाव्याचं त्याहून वाईट. सिमेंट मातीला धरतच नाही. दोन-तीन पावसाळे गेले की भिंतीवर थाप मारून बघा, ढोलासारखी वाजते. आणि सुटताना तो गिलावा एकटा येत नाही, भिंतीची माती सोबत घेऊन चादरीसारखा खाली येतो. चकचकीत फरशीचंही तेच. सारवलेली भुई जमिनीची ओल उडवून टाकते. फरशीखाली ती कोंडते आणि भिंतीत चढते. गिऱ्हाईकाला फरशीच हवी असेल तर त्याला त्याच्या पसंतीची टाकू दे की.

मी असतो तर पैसे असे घातले असते. सगळ्यात आधी कौलं चाळून घ्या. फुटकी बदला, आढ्याजवळची खास बघा, कारण माकडं आणि मांजरं तिथूनच हिंडतात. वासे आणि तुळया हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा. भरीव आवाज आला तर ठीक, 'ढब्ब' आवाज आला तर आत वाळवी किंवा भुंगा. एखादा वासा गेला असेल तर तेवढाच बदला, सगळं लाकूड बदलायच्या फंदात पडू नका. ओळंबा सोडून भिंती बघा, कुठं पोट काढलंय का. पुरानंतर पोट काढलेली भिंत ही एकच गोष्ट अशी आहे, की जिच्यासाठी मी खर्च करायला सांगेन, आणि लगेच सांगेन.

मग बाहेर या आणि पाणी कुठं जातं ते बघा. गेल्या वीस वर्षांत आपल्या गावांत एक गंमत झालीय. गल्लीचा रस्ता आधी खडीचा, मग डांबरी, मग त्यावर काँक्रीटचा. दर वेळी रस्ता वर आणि घराचं जोतं खाली. आता पाऊस पडला की गल्लीचं पाणी उंबऱ्यावरून आत येतं आणि माणसं नदीला दोष देतात. दारापुढं एक चर, परड्यातून पाण्याला उतार, पागोळीखाली दगडांची ओळ, एवढं केलंत तरी भिंतीचा पाया कोरडा राहतो. हे काम दोन माणसं चार दिवसांत करतात.

आतून भिंतींना पांढरी माती, शेण आणि भुसकट कालवून हात फिरवा आणि वाळल्यावर चुना मारा. निवळलेल्या चुन्यात थोडा डिंक घातला की हाताला लागत नाही. चुन्यातून भिंत श्वास घेते, किडाही कमी होतो. आणि महिन्यातून दोन दिवस घरी जाऊन चूल पेटवा. हसू नका. आपल्या जुन्या घरांची लाकडं चुलीच्या धुरानं टिकली. घर बंद झालं, धूर थांबला आणि वाशातून पिठासारखा भुसा गळायला लागला, हे मी कितीतरी गावांत बघितलंय. शिवाय दार उघडल्यावर वटवाघळांचा वास येण्यापेक्षा धुराचा वास आलेला गिऱ्हाईकालाही बरा.

एवढं करून तीन लाखांतले निम्मे तरी हातात राहतील. आणि घर दाखवायचं ते श्रावणात. लोक मे महिन्यात दाखवतात, कारण पोरांना सुट्टी असते. उन्हाळ्यात बघून गेलेलं गिऱ्हाईक पहिल्या पावसात शंकेनं परत येतं, इसार दिलेला असला तरी. भर पावसात सोप्यात कोरड्या घोंगड्यावर बसून ज्यानं चहा घेतलाय, तो दसऱ्याला व्यवहार पुरा करतो. मध्ये पितृपंधरवड्यात कुणी सही करत नाही, ते पंधरा दिवस धरूनच चाला.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात माझे दोन भाऊ आणि मी. भुदरगड तालुक्यात गावठाणातलं घर विकायचंय. भाऊ म्हणतात, "आठ-अ आहे ना, झालं." पण उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. दोन आत्या आहेत, दोघींनी 'आम्हाला काही नको' असं तोंडी सांगितलंय. एवढ्यावर विक्री होते का?
— एक शिक्षिका, गारगोटी

उत्तर : ताई, होत नाही. आणि भावांना आधी हे विचारा, की त्यांच्याकडं नक्की कुठला आठ आहे?

या आठाच्या घोळात शिकलेली माणसंही फसतात. तलाठ्याकडचा गाव नमुना 8-अ हा शेतजमिनीच्या खात्याचा. कुठल्या खातेदाराच्या नावावर कुठले गट आणि किती आकार (शेतसारा), ते त्यात असतं. गावठाणातल्या घराशी त्याचा संबंध नाही. घराचा उतारा ग्रामपंचायतीचा नमुना 8, आपण ज्याला घरठाण उतारा म्हणतो तो. आणि तोही मुळात घरफाळ्याच्या आकारणीची नोंद. मालकी ठरवायला कोर्ट तेवढ्यावर विसंबत नाही. तुमच्या गावठाणाचं नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालं असेल तर मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढा. नसेल तर 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली जातायत, त्यात तुमच्या गावाची सनद आणि मिळकत पत्रिका तयार झालीय का, भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. तयार झाली असेल तर त्यावर कुणाचं नाव पडलंय ते आजच बघा. मोजणीच्या दिवशी जो घरी होता त्याचं एकट्याचं नाव लागलेलं असू शकतं, आणि बाकीचे वारस मुंबईत.

आता आत्या. मिळकत आजोबांची, तर आजोबांचे सगळे वारस आले. मुलींचा हक्क हा आता वादाचा विषय उरलेला नाही. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला लागू झाली. नंतर ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं, की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानं आहे, त्यासाठी वडील 2005 ला हयात असण्याची अट नाही. 'आम्हाला काही नको' हे प्रेमाचं बोलणं झालं. त्याचा कागद होत नाही तोवर विकत घेणाऱ्याच्या वकिलाला ते ऐकूच येत नाही.

माझी दुसरी चूक हीच. त्या दूधवाल्यानंतर आमच्या घराला दुसरं गिऱ्हाईक मिळालं, भाव ठरला, इसार घेतला. आणि मग कळलं की निपाणीच्या आत्याचं नाव वारस नोंदीत घालायचंच राहिलंय. मी मनात म्हटलं, आत्याच ती, कुठं जाते? गिऱ्हाईकाचा वकील म्हणाला, "त्यांची सही आणा, मग बोलू." आत्याला गुडघ्याचं दुखणं, तिचा मुलगा बेळगावात, त्याला रजा नाही. यात चार महिने गेले. तेवढ्यात गिऱ्हाईकानं दुसरीकडं घर बघितलं आणि मला इसार परत द्यावा लागला. आत्या नंतर आली, आनंदानं सही केली, वर मलाच रागावली, "मला आधी का सांगितलं न्हाईस? पाडव्याला आले होते की मी."

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी वारस नोंद, सगळ्यांची. मग आत्यांशी मोकळं बोला. त्यांना खरंच हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. साध्या कागदावर, नोटरीसमोर केलेलं नको, दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं हवं. हक्कसोड सहवारसांच्या नावेच होते, तिऱ्हाइताच्या नावे नाही. मला विचाराल तर त्याहून सरळ वाट म्हणजे आत्यांनी खरेदीखतावरच लिहून देणार म्हणून तुमच्याबरोबर सह्या करायच्या आणि त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या खात्यावर जायचे. पैसे बघितल्यावर 'काही नको' म्हणणाऱ्या माणसांचा चेहरा बदलतो, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

चतुःसीमा शेजाऱ्याला बरोबर घेऊन बघा. तुमच्या पागोळीचं पाणी त्याच्या परड्यात पडतं का, मधली भिंत तुमची, त्याची की सामाईक? मी बघितलेले निम्मे तंटे त्या दीड हात पागोळीवरून झालेत. आणि शेजारी भावकीतला असेल तर पहिला भाव त्यालाच सांगा. सहवारसाला हिस्सा आधी घेण्याचा हक्क कायद्यात आहेच, पण कायद्याचं सोडा. गावठाणातल्या घराला सगळ्यात जास्त किंमत बहुतेक वेळा शेजारीच देतो, कारण त्याला तुमची भिंत पाडून आपला सोपा वाढवायचा असतो.

प्रश्न : हातकणंगले तालुक्यातल्या आमच्या घराला गिऱ्हाईक आहे. निम्मी रक्कम रोख देतो, कागदावर कमी दाखवू, म्हणजे टॅक्स वाचेल असं म्हणतो. गावातल्या घराला टॅक्स असतो का?
— एक वाचक, वडगाव

उत्तर : असतो. ग्रामीण भागातली शेतजमीन भांडवली नफ्यातून सुटते, ते ऐकून लोकांना वाटतं घरही सुटतं. घर सुटत नाही. पण कर तुम्हाला वाटतो तेवढा बसेलच असंही नाही. जुनं घर असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून दाखला घ्या, तो घर उभं असतानाच होतो. 23 जुलै 2024 च्या आधी आलेल्या मिळकतीवर महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा निर्देशांक लावून 20 टक्के, यातलं जे कमी बसेल ते निवासी भारतीयाला धरता येतं. त्या नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर सूट आहे. आकडे सी.ए.कडून काढून घ्या.

रोखीचं म्हणाल तर स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढ्या रकमेचा दंड. म्हणजे तुम्हाला, त्याला नाही. त्याचं काय जातंय सांगायला?

प्रश्न : मी शाहूपुरीत राहते. आईचं माहेरचं घर देवगड तालुक्यात, समुद्राजवळ आहे. जांभ्या दगडाचं, विहीर आहे, माड आहेत, हापूसची दोन कलमं आहेत. सातबाऱ्यावर एकोणीस नावं. एक कुटुंब राखणीला आहे. घर विकायच्या आधी काय बघावं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एकोणीस नावं म्हणजे कोकणाच्या मानानं आटोपशीरच म्हणायची.

मी देशावरचा माणूस, त्यामुळे कोकणातल्या घराबद्दल जपून बोलतो. पण गगनबावड्यावरून खाली उतरून अशी काही घरं बघून आलोय. पहिली गोष्ट, तुमचं घर सातबाऱ्यावर आहे, म्हणजे जमीन शेतीची असण्याचीच शक्यता जास्त. ती बिगरशेती नसेल तर घेणारा शेतकरीच लागतो. मुंबईचं गिऱ्हाईक समुद्र बघून भुलतं आणि दुय्यम निबंधकाच्या दारात अडतं. म्हणून बोलणी सुरू करतानाच त्याच्याकडं शेतकरी असल्याचा दाखला आहे का, ते विचारा.

दुसरी गोष्ट समुद्राची. भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा किनारा नियमनात येतो, आणि 2019 च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या गावांत त्यातले पहिले 200 मीटर ना-विकास. तुमचं घर त्यात कुठं बसतं, तो नकाशा हातात असल्याशिवाय कुणालाही 'इथं रिसॉर्ट होईल' असं सांगू नका. दलालालाही सांगू देऊ नका.

तिसरी, वाट. रस्त्यापासून घरापर्यंत जी पाखाडी येते ती कुणाच्या जागेतून येते? पन्नास वर्षं त्या वाटेनं जाणं-येणं असतं, कुणी अडवत नाही. घर विकायला काढल्याची बातमी फुटली की त्याच पाखाडीवर एक दिवस काटेरी कुंपण उभं राहतं. त्या जागेच्या मालकाकडं आधी जा, जाताना आपला गूळ घेऊन जा, आणि वाटेचा हक्क लिहून मागा.

राखणीच्या कुटुंबाबद्दल, सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात त्यांचं नाव लागलंय का बघा. नसेल आणि माणसं चांगली असतील, तरी ती कशासाठी आणि कुठल्या अटीवर राहतात याचा कागद विक्रीआधी करा. त्यांना घर विकतोय हे तुमच्या तोंडून कळलं पाहिजे, गावातून नको.

घराचं काम त्या मानानं थोडं. जांभ्याला गिलावा करू नका. शेवाळ ब्रशनं घासून काढा, दगड आपोआप उठून दिसतो. खाऱ्या वाऱ्यानं बिजागऱ्या, कड्या, खिळे खाऊन टाकलेले असणार. पितळी बसवून घ्या, दार किरकिरत उघडलं तर गिऱ्हाईक तिथंच निम्मं गार पडतं. विहिरीचा गाळ काढा. आणि वरच्या उत्तरात मी श्रावणात दाखवा म्हटलं, तुम्ही मात्र मे महिन्यातच दाखवा. किनाऱ्यालगतच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात. तुमची गोड राहत असेल तर पोहरा ओढून तांब्यातून पाणी प्यायला द्या, बाकी काही बोलायची गरज नाही. आंबे तेव्हा झाडावर असतील, ते वेगळंच.

प्रश्न : घर विकताना जुन्या सामानाचं काय करावं? दोन सागवानी दारं, तांब्याचा हंडा, उखळ, दगडी जातं आहे. एक जण दारांचे चांगले पैसे देतोय.
— एक वाचक, पन्हाळा तालुका

उत्तर : दारं काढू नका. चौकट काढलेलं घर दात पडलेल्या माणसासारखं दिसतं, आणि दाराचे म्हणून जे पैसे मिळतात त्याच्या दुपटीनं घराचा भाव घसरतो. दारांवर गिऱ्हाईकाची नजर आधी जाते. खरेदीखत झाल्यावर तो ती विकू दे नाहीतर जपू दे, त्याची मर्जी. हंडा वाटून घ्या, म्हणजे एकानं घ्या आणि बाकीच्यांनी समजूत घाला. देव्हाऱ्यातले टाक खरेदीखताच्या आदल्या दिवशी थोरल्याच्या घरी न्या, व्यवहार झाल्यावर आणायला गेलं की अवघड होतं. उखळ जमिनीत पुरलेलं असेल तर राहू द्या, ते उकरताना भुई फुटते.

जात्याचं विचारलंत म्हणून सांगतो. आमचं घर शेवटी 2007 ला गेलं, शेजाऱ्यालाच. निपाणीची आत्या सहीला आली होती ना, तिचा हिस्सा मी वेगळा काढून ठेवला होता. तिनं पाकीट न मोजता पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "ते माझ्या आईचं जातं कुठाय?" माजघरात कोपऱ्यात होतं, वर पोती रचलेली. दोन माणसांनी मिळून उचलून टेंपोत घातलं. तिची सून तोंडाला पदर लावून हसत होती, तिसऱ्या मजल्यावर हे चढवणार कसं म्हणून. चढवलं. वर्षाला एकदा त्यावर हळद दळतात म्हणे.